जुन्या जेट स्कीचा वेग आणि वळण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापोळा, बामणोली, मुनावळे, धोमचं पाणी आणि खाली सांगलीपर्यंतचा कृष्णाकाठ इथून येणारे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जुन्या, मालवण-गोवा-अलिबागकडून हात बदलून आलेल्या जेट स्कींबद्दल (पुढे ‘गाडी’ म्हणजे हीच) असतात, म्हणून उत्तरंही त्यांच्यासाठीच आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो: जुन्या गाडीत नवा वेग बसवण्याआधी तिचा हरवलेला वेग शोधावा. तो बहुतेक वेळा पंपात (तळातून पाणी ओढून मागच्या नोझलमधून झोताने फेकणारा, गाडी पळते ती यानेच) किंवा पेट्रोलच्या वाटेत सापडतो.

१. माझी गाडी हळू झाली आहे हे नक्की कसं कळणार? मीटरवर तर बरोबर दिसतं.

मीटरवर भरवसा नको. जुन्या गाड्यांत तळाला लावलेलं छोटं चक्र पाण्याने फिरून वेग दाखवतं. ते जास्तही दाखवतं आणि गाळ अडकला की कमीही. मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून जीपीएसवर वेग मोजा. एकाच पट्ट्यात जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी पूर्ण थ्रॉटल द्या आणि सरासरी काढा. चालवणारा तोच, टाकी अर्धी, मागे कोणी नाही. पाणी अगदी आरशासारखं नको, हलकी लहर असली की तळ कमी चिकटतो आणि आकडा खरा येतो. त्याच वेळी आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) लिहून ठेवा, कारण नुसत्या वेगाच्या आकड्यावरून दोष सापडत नाही.

२. वेग कमी आहे हे कळलं. आता सुरुवात कुठून करू?

मॅन्युअलमधला कमाल आरपीएम आणि तुमचा आरपीएम शेजारी ठेवा. तीन शक्यता निघतात.

आरपीएम नेहमीएवढा किंवा जास्त, पण वेग कमी आणि उचल मंद: पंप घसरतोय. प्रश्न ३ आणि ४ पाहा.

आरपीएमच कमी: इंजिनला दम नाही किंवा त्याच्यावर ओझं जास्त आहे. प्रश्न ६ ते १० पाहा. एका ठरावीक आरपीएमवर भिंत लागल्यासारखं अडकत असेल तर थेट १६.

आरपीएम बरोबर, उचलही बरी, पण वरचे आठ-दहा किलोमीटर गायब: बॉडीचं वजन, राइड प्लेट (पंपाखालचा सपाट पत्रा) किंवा ट्रिम (नोझल वर-खाली करून नाकाचा कोन बदलायची सोय). प्रश्न ११ आणि १३.

या क्रमाने न जाता थेट महागडा इम्पेलर (पंपातला पात्यांचा पंखा) मागवणारे पुष्कळ आहेत. पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

३. थ्रॉटल दिला की इंजिन ओरडतं पण गाडी जागची उचलत नाही. कशामुळे?

पंप हवा घेतोय, किंवा पाणी कडेने मागे निसटतंय. नदीवरची मोटर फूट व्हॉल्व्हपाशी हवा धरते आणि पाणी सोडून देते, तोच हा प्रकार. कारणं चार, याच क्रमाने तपासा.

पहिलं, पंपाच्या तोंडावरच्या जाळीत किंवा शाफ्टवर काहीतरी गुंडाळलंय: दोरी, जाळ्याचा तुकडा, केंदाळाची मुळं. इंजिन बंद करून, मनगटाची लॅनयार्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) काढून, मगच हात घाला. दुसरं, इम्पेलरभोवतीची कडी, म्हणजे वेअर रिंग, झिजली आहे (प्रश्न ४). तिसरं, पंप आणि तळ यांच्या सांध्यातलं सील वाळून फाटलंय. पंप उतरवून जुनं सीलंट पूर्ण खरवडा, पेट्रोलने पुसा, पाण्यातल्या कामाचं पॉलियुरेथेन सीलंट लावा आणि चोवीस तास हात लावू नका. घाईत गाडी पाण्यात नेली की पहिल्याच दाबाला सीलंट उखडतं आणि इम्पेलरमध्ये जातं.

चौथं कारण सी-डू कंपनीच्या गाड्यांत असतं: शाफ्टवरची कार्बन रिंग आणि तिच्यामागचं रबरी बेलोज (घड्यांची नळी). रबर ढिलं झालं की रिंग नीट दाबून बसत नाही. मग हवाही आत येते आणि पाणीही. ट्रेलर पट्ट्याने बांधून ठेवा, मागचा भाग पाण्यात, सीट काढलेली, आणि हलका थ्रॉटल द्या. रिंगपाशी फवारा दिसला तर दोष तिथे आहे. या गाडीत प्रत्येक फेरीनंतर आत पाणी सापडत असेल तर तेही याचंच.

४. वेअर रिंगचा गॅप किती चालतो आणि ती बदलायची कशी?

जेट स्कीचा निम्मा वेग या फटीत असतो. इम्पेलरच्या पात्याचं टोक आणि रिंग यांच्यात नव्या गाडीत जेमतेम ०.३ मिमीच्या आसपास जागा असते. ०.६ मिमी झाली की उचल मंदावल्याचं चालवणाऱ्याला कळायला लागतं. १ मिमीला पोचली तर वाद नको, बदला. तुमच्या मॉडेलची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, यामाहाची सी-डूपेक्षा कडक असते.

मोजताना बॅटरीची वायर काढा, जाळी सोडा आणि लांब फीलर गेज खालून पात्याच्या टोकाशी घाला. चारही दिशांना मोजा. एका बाजूला ०.२ आणि समोरच्या बाजूला ०.८ आलं तर रिंग बदलून भागणार नाही. शाफ्ट मध्यावर नाही, म्हणजे पंपाची बेअरिंग गेली आहे किंवा इंजिनचे माउंट बसलेत. आधी ते करा, नाहीतर नवी रिंग दोन आठवड्यांत एकाच बाजूने खाल्ली जाईल.

सी-डूची रिंग प्लास्टिकची असते आणि घट्ट दाबून बसवलेली असते. पंप उतरवा, इम्पेलर काढा. त्यासाठी शाफ्टच्या आट्यांचं टूल लागतं. आटे कंपनीप्रमाणे उलटे किंवा सरळ असतात, तेव्हा दिशा मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय पाइप लावून जोर करू नका. जुन्या रिंगला हॅकसॉच्या नुसत्या पात्याने आतून दोन ठिकाणी उभी चीर द्या. पातं हाउसिंगच्या ॲल्युमिनियमला लागता कामा नये, शेवटचा अर्धा मिमी स्क्रू ड्रायव्हरने उचकटा. हाउसिंग घासून कोरडं करा. नवी रिंग दोन तास फ्रीझरमध्ये ठेवली की आकसते. मग सपाट लाकडी फळी ठेवून चारही बाजूंनी थोडी थोडी ठोकत सरळ उतरवा. तिरकी बसली तर ओव्हल होते आणि इम्पेलर घासतो. बसवल्यावर हाताने फिरवून पाहा. पहिल्या काही फेऱ्यांत हलका घासल्याचा आवाज चालतो, अडकणं चालत नाही.

ज्या गाड्यांत धातूचं लायनर आहे तिथे काम लेथवाल्याचं. कुपवाड-मिरज किंवा सातारा एमआयडीसीत पंपाची कामं करणारे आहेत. किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे तिथे इम्पेलर आणि केसिंगचा गॅप कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

५. इम्पेलरच्या पात्यांना दात पडलेत. वेल्डिंग करून घेऊ का?

बारीक खाचा असतील तर वेल्डिंग नको. पुढची धार गोल फाइलने सारखी करून घ्या. तिन्ही-चारही पात्यांवर सारखंच घासा. पात्याचा तुकडा उडाला असेल आणि इम्पेलर स्टेनलेसचा असेल तर आर्गॉन वेल्डिंग, मग धार आणि शेवटी बॅलन्सिंग, असं पूर्ण काम करणाराच हवा. बॅलन्स चुकलेला इम्पेलर वेग देतो, पण बेअरिंग आणि सील खातो. ॲल्युमिनियमचा असेल तर बदलणं स्वस्त पडतं.

६. गोव्यात पळायची तेवढी तापोळ्यात पळत नाही. गाडी तीच, माणूस तोच. असं का?

उंचीमुळे. शिवसागर जलाशय (तापोळ्यापाशीचं कोयना धरणाचं पाणी) भरलेला असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते. तिथे हवा समुद्रकाठापेक्षा साधारण ६ टक्के विरळ, म्हणून सुपरचार्जर (हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनची ताकदही जवळपास तेवढीच कमी. पंपाला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे ६ टक्के ताकद गेली तरी आरपीएम फक्त २ टक्क्यांनी उतरतो: ७,००० च्या जागी ६,८५०. वेगात दोन-तीन किलोमीटरचा फरक दिसतो. सांगलीत उंची सुमारे ५५० मीटर, तिथे फरक थोडा कमी.

म्हणजे दहा किलोमीटर गेले असतील तर त्याचा दोष उंचीवर टाकू नका. आणखी एक गोष्ट: १५ अंशांच्या जानेवारीच्या सकाळी आणि ३५ अंशांच्या मे महिन्याच्या दुपारी हवेच्या घनतेत ६-७ टक्के फरक पडतो. म्हणून तुलना करायची तर एकाच हंगामातली, एकाच वेळची करा.

गाडी कायम इथेच राहणार असेल तर एक अंश कमी पिचचा (पाती कमी तिरकी असलेला) इम्पेलर घेऊन गेलेले फेरे परत मिळवता येतात. एका अंशाला साधारण १५०-२०० आरपीएमचा फरक पडतो. पण ते सगळं दुरुस्त झाल्यावर, आधी नाही.

७. उंचीवर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) होतं असं ऐकलं. मग कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं मुख्य छिद्र) बारीक करू?

नको. या भागात सगळ्यात जास्त पिस्टन याच सल्ल्याने चिकटतात.

६६० मीटरवर कार्बोरेटरचं मिश्रण रिच होतं हे खरं, पण जेमतेम ३ टक्के. उलट पेट्रोल पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून गेलेलं ई-२० शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण ७ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतं. दोन्हींची वजाबाकी केली तरी तुमची जुनी टू-स्ट्रोक आधीच चार टक्के लीन चालली आहे. त्यात जेट बारीक केला की गाडी थोडा वेळ झकास पळते, कारण लीन इंजिन आधी मोकळं वाटतं. मग पूर्ण थ्रॉटलवर, लांबच्या पट्ट्यात, पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही पेट्रोलबरोबरच जातं. पेट्रोल कमी म्हणजे थंडावाही कमी.

करायचं ते उलट. कार्बोरेटरचा हाय-स्पीड स्क्रू पाव फेरा उघडा (सी-डूच्या काही रोटॅक्स इंजिनांत तो कारखान्यातूनच पूर्ण बंद असतो, तिथेही पाव फेराच). पूर्ण थ्रॉटलवर मिनिटभर पळवा, थ्रॉटल न सोडता लॅनयार्ड ओढून इंजिन बंद करा आणि प्लग काढून पाहा. चॉकलेटी-तपकिरी: बरोबर. पांढराफटक किंवा चकाकणारे ठिपके: अजून लीन, मेन जेट एक पायरी मोठा घ्या. काळा ओला: परत फिरवा. दोन्ही सिलिंडरचे प्लग सारखे दिसले पाहिजेत. एकच पांढरा असेल तर जेटचा प्रश्न नाही, त्या कार्बोरेटरमध्ये कचरा किंवा हवेची गळती आहे.

इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोकला यातलं काही करावं लागत नाही, उंचीचा हिशेब तिचा ईसीयू (इंजिनचा संगणक) करतो.

८. कार्बोरेटर तीनदा साफ केला, तरी महिन्यात परत मिसिंग. कचरा येतो कुठून?

नळ्यांतून. नव्वदच्या दशकातल्या सी-डूमध्ये करड्या रंगाच्या नळ्या असत. त्या आतून विरघळतात आणि हिरवट चिकट राळ सोडतात. ती मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरच्या आतल्या बारीक जाळीवर बसते. ही जाळी वरून दिसत नाही, कार्बोरेटर उघडावाच लागतो. इथेनॉलने हा प्रकार जास्त लवकर होतो.

सगळ्या नळ्या एकदम बदला: इथेनॉल चालणारी, ६ मिमी आतल्या व्यासाची, चांगल्या क्लिपांसह. टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर असतो, तो जुन्या नळीबरोबर फेकून देऊ नका. तो गेला की दाब बसत नाही आणि वरच्या वेगात पेट्रोल कमी पडतं. ऑन-रिझर्व्हचा फ्युएल कॉकही उघडून साफ करा किंवा बदला. मग कार्बोरेटरचा डायफ्रॅम, नीडल आणि सीट नवे.

९. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) १३८ पीएसआय आलं. मॅन्युअलमध्ये १५० आहे. इंजिन गेलं का?

तापोळ्यात मोजलं असेल तर नाही. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साडेसात टक्के कमी असतो, त्यामुळे काठावर १५० पीएसआय दाखवणारं निरोगी इंजिन तिथे १३८-१४० दाखवतं. त्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक पाहा: दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केट. मोजताना दोन्ही प्लग काढलेले, त्यांच्या वायरी अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज (उभी असताना १२.६ व्होल्ट). थ्रॉटल बंद ठेवून मोजलेला आकडा फुकट.

१०. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, जास्त ऑइल, वेगळा प्लग. यातलं काय घालू?

यातलं काहीही वेग देत नाही. ई-२० चा ऑक्टेन ९५ आहे, जुन्या टू-स्ट्रोकला तो पुरून उरतो. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जातीचंच: सी-डूला एपीआय-टीसी, यामाहाला टीसी-डब्ल्यू३. दोन जाती टाकीत मिसळू नका. ऑइल पंप काढून टाकला असेल तर पेट्रोलमध्ये ५०:१, म्हणजे १० लिटरला २०० मिली. रोटॅक्स टू-स्ट्रोकला एनजीकेचा बीआर८ईएस, गॅप ०.४ ते ०.५ मिमी. गॅप वाढवू नका.

११. पन्नासच्या पुढे गेलं की नाक वर-खाली उड्या मारतं.

आधी ट्रिम खाली करा आणि थोडं पुढे सरकून बसा. थांबलं तर दोष नाही, सवयीचा भाग आहे. थांबत नसेल तर राइड प्लेट पाहा. तिचे बोल्ट ढिले आहेत का, पुढची कड तळाच्या रेषेत आहे का, दगडावर बसून वाकली आहे का? एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की कोयनेच्या काठाला खडक आणि जुनी खोडं वर येतात, त्यामुळे वाकलेल्या प्लेटा इथे नेहमीच्याच. सरळ पट्टी लावून तपासा. लांब प्लेट उड्या थांबवते पण वरचा वेग थोडा घेते, आखूड प्लेट उलटं करते. आम्ही जुन्या गाडीला मूळ लांबीचीच सुचवू. मागच्या बाजूला पाणी साचलं असेल तरी हाच त्रास होतो (प्रश्न १३).

१२. वळणावर मागची बाजू घसरून जाते. स्पॉन्सन बदलू?

आधी हँडल सरळ धरून मागचं नोझल हाताने हलवा. दोन-तीन मिमी खेळ असेल तर बुश गेलेत, नवे स्वस्त मिळतात आणि निम्मी तक्रार तिथेच संपते. हँडल सरळ असताना नोझलही सरळ हवं, नसेल तर स्टिअरिंग केबल ॲडजस्ट करा.

मग स्पॉन्सन, म्हणजे बाजूचे पंख. खालच्या छिद्रात बसवले की पकड वाढते आणि वेग किंचित घटतो. वर बसवले की उलट. तुटलेले, कडा गोल झालेले असतील तर बदला. ते उतरवायला बोल्ट काढाल तेव्हा छिद्रांत सीलंट भरायला विसरू नका, ती आरपार बॉडीत जातात.

आणि वळताना थ्रॉटल सोडत असाल तर कुठलाच पार्ट उपयोगी नाही. गाडी वळते ती नोझलमधल्या पाण्याच्या झोताने. झोत बंद, वळण बंद. गाडी सरळ जात राहते. समोर होडी आली की नवखा माणूस थ्रॉटल सोडून हँडल फिरवतो आणि नेमका तिच्यावरच जाऊन आदळतो. भाड्याने देणाऱ्यांनी हे काठावरच करून दाखवावं. बहुतेक जुन्या टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल सोडल्यावर वळायची वेगळी सोय नसते.

१३. बॉडीत पाणी मुरल्याने वेग जातो का? कसं ओळखायचं?

जातो. आतला फोम वर्षानुवर्षं ओला राहिला की पाणी धरून ठेवतो आणि आत साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाने ते निघत नाही. ओळखायला सोपा उपाय म्हणजे वजनकाटा. उसाच्या पट्ट्यात काट्यांची वानवा नाही. गाडीसह ट्रेलर, मग रिकामा ट्रेलर, टाकी रिकामी करून. मोठा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्यात दाखवतो, तेवढं पुरे. मॅन्युअलमधल्या कोरड्या वजनापेक्षा तीसेक किलो जास्त आलं तर फोम ओला आहे. ड्रेन प्लग काढून, नाक वर करून, सीट उघडी ठेवून महिनाभर उन्हाळ्यात सुकवा. त्याने भागलं नाही तर ओला फोम कापून काढून नवा बंद-छिद्रांचा फोम भरावा लागतो. तो काढून जागा रिकामी ठेवू नका, उलटल्यावर गाडीला तरंगत ठेवतो तो हाच.

१४. फ्लेम अरेस्टर (कार्बोरेटरच्या तोंडावरची आग अडवणारी जाळी) काढला तर हवा जास्त मिळेल ना?

मिळेल, आणि मिश्रण आणखी लीन होईल (प्रश्न ७). शिवाय कार्बोरेटरने उलटी आग फेकली की बंद बॉडीतल्या पेट्रोलच्या वाफेला ती थेट मिळते. काढू नका. पेट्रोल भरल्यावर सीट पाच मिनिटं उघडी ठेवून मगच स्टार्टर मारा.

१५. कृष्णेच्या पाण्यात जाळी सारखी भरते. जाळी काढून चालवू?

नाही. जाळी दगड अडवते, आणि माणसाचे केस, दोरी, बोटंही. केंदाळाच्या पट्ट्यात शिरूच नका. शिरलात तर थांबा, इंजिन बंद करा, हाताने साफ करा. वाळू हा त्याहून मोठा शत्रू. कमरेपेक्षा कमी पाण्यात इंजिन चालू करू नका, पंप तळातली वाळू ओढतो आणि वेअर रिंग एका दिवसात खरवडते. गाडी हाताने ढकलून खोल पाण्यात न्या, मग स्टार्ट करा.

१६. सगळं तपासलं, तरी साडेपाच-सहा हजारांवर आरपीएम अडकतो. पुढे काय?

रोटॅक्स ७८७ इंजिन असेल तर एक्झॉस्टवरचे रेव्ह व्हॉल्व्ह (वरच्या फेऱ्यांना एक्झॉस्टची वाट मोठी करणारे). कार्बनने चिकटले की ते बंदच राहतात आणि वरचे फेरे मिळत नाहीत. वरचं झाकण काढा, व्हॉल्व्ह ओढून कार्बन साफ करा, रबरी बेलो फाटला आहे का पाहा. फाटलेल्या बेलोचा व्हॉल्व्ह साफ असूनही उघडत नाही. इतर इंजिनांत थ्रॉटल केबल ताणून बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली झडप) पूर्ण उघडतो का ते पाहा. हे इतकं साधं आहे की शेवटी बघितलं जातं.

समुद्रावरून आलेल्या गाडीत एक्झॉस्टच्या थंड पाण्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या असतात. इंजिन तापतं आणि इलेक्ट्रॉनिक्स आरपीएम दाबून ठेवतं. नळीने धुताना क्रम पाळा: आधी इंजिन चालू, मग पाणी; आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं.

१७. माझी फोर-स्ट्रोक आहे. यातलं मला काय लागू?

पंप, राइड प्लेट, वजन, वळण हे सगळं जसंच्या तसं. सुपरचार्जरवाली जुनी सी-डू घेतली असेल तर चालवण्याआधी सुपरचार्जर उघडून पाहा. सुरुवातीच्या वर्षांच्या मॉडेलमध्ये आत सिरॅमिकचे वॉशर होते. ते फुटले की तुकडे इंजिनच्या ऑइलमध्ये जातात. धातूचे वॉशर घालून रीबिल्ड करून घ्या.

१८. एवढं करून चालवायची कुठे? कुणाला विचारावं लागतं?

यांत्रिक होडीला इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली नोंदणी आणि तपासणी लागते. ते काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. जलाशयावर पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी. कोयनेचा पश्चिम काठ अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिकडे वनखात्याला विचारल्याशिवाय इंजिन नेऊ नका. धरणाच्या भिंतीजवळ आणि नदीवरच्या बंधाऱ्यांच्या वरच्या अंगाला मुळीच नाही.

१९. पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तीच रडगाणी. काय करून ठेवू?

टाकी रिकामी करा. ई-२० दमट हवेतलं पाणी ओढतं आणि तळाला पाण्या-इथेनॉलचा थर बसतो. कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन थोडं थोडं चालवा, पण पंधरा सेकंदांच्या वर एका वेळी नाही, बाहेर थंड पाणी नसतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल, स्टार्टरचे दोन-तीन झटके, प्लग परत. बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्ज. ड्रेन प्लग उघडे, नाक वर, सीट किंचित उचललेली, आणि एक्झॉस्टच्या तोंडाला जाळीचा तुकडा, कारण भातखाचरालगतच्या शेडमधले उंदीर एक्झॉस्टच्या वॉटरबॉक्समध्ये (आवाज दाबणाऱ्या डब्यात) घर करतात.